दोरी धरणारी

ती माझी धाकटी बहीण. सख्खी. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मधेच कुणी विचारायला नको की तुला एवढं कसं ठाऊक. मी थोरला, सात वर्षांनी मोठा. तिला चालायला मी शिकवलं, सायकल मी शिकवली, आणि तिच्यासारखी नजर आमच्या अख्ख्या गावात कुणाला नाही हे सगळ्यांत आधी मीच ओळखलं.

मी गवंडी. शाळेत सातवीपर्यंत गेलो, पुढे शाळेला आणि मला एकमेकांचा कंटाळा आला. पण प्लास्टर म्हणाल, तर मी केलेल्या भिंतीवर चढताना मुंगी घसरते. आमचे बाबाही गवंडी. आम्ही दोघं विटांच्या भिंती सरळ करतो आणि ती फोटोतल्या.

हे सांगितलं की लोक हसतात. "फोटोतल्या? ते काय काम असतं?" मग मी समजावतो, कारण मला समजलंय. रस्ता अरुंद असला की फोटो काढणाऱ्याला मागे सरकता येत नाही. तो घराच्या पुढ्यात उभा राहतो आणि कॅमेरा वर उचलतो. झालं! फोटोत घर मागे कलंडतं, वर निमुळतं होतं, कुणी छातीवर हात ठेवून ढकलल्यासारखं. आपल्या डोळ्यांना तसं दिसत नाही, कारण आपलं डोकं सावरून घेतं. कॅमेऱ्याला डोकं कुठाय? ते डोकं म्हणजे माझी बहीण. ती कॉम्प्युटरवर फोटो उघडते, त्यावर उभ्या रेघा टाकते, आणि वरचे दोन कोपरे धरून हळूहळू बाहेर ओढते. घर उभं राहतं.

घरं विकणाऱ्या एका कंपनीत ती हे काम करते. अकरा वर्षं झाली. तिसऱ्या मजल्यावर आत शेवटचं टेबल, पाठ दाराकडे, तोंड भिंतीकडे. फोटो तिच्याकडे कॉम्प्युटरमधूनच येतात आणि कॉम्प्युटरमधूनच जातात, त्यामुळे तिच्या टेबलापर्यंत चालत यायचं कुणाला कारणच पडत नाही. बाहेरच्या हॉलमधले तिला 'सरळबाई' म्हणतात. वाढदिवसाला कापलेल्या केकचा तुकडा टेबलाच्या कडेला ठेवून जातात, तिचं काम मोडू नये म्हणून. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. चार दिवस मी तिच्याकडे होतो.

तिची खोली एका शिंप्याच्या दुकानावर आहे. पलंग, ओटा, टेबल, खुर्ची. खुर्ची एकच. मला खुर्ची देऊन ती चार दिवस पलंगावर बसून जेवली. मी म्हटलं, "बारके, दुसरी खुर्ची घे की गं."

"कशाला? बसणार कोण?"

"मी आलोय ना!"

"अकरा वर्षांत पहिल्यांदा, दादा."

खालून शिंप्याचं मशीन चाललं होतं, तेच ऐकत आम्ही जेवलो.

ऑफिसातही मी एक दिवस तिच्या मागे स्टूल टाकून बसलो. एकामागून एक खोल्या. फोटो काढायच्या आधी घरातल्या माणसांना बाहेर उभं करतात, पसारा उचलतात. त्यामुळे दिवसभर तिच्यापुढे नुसत्या रिकाम्या खोल्या. कुठे दाराच्या चौकटीवर पोराच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा, कुठे सोफ्यात बसल्याचा खड्डा. माणूस नाही. ती चौकट सरळ करते, खुणाही सरळ होतात, पुढची खोली.

"तू आधी काय बघतेस?" मी विचारलं.

"लोंबणारं काहीतरी. दिव्याची वायर, खुंटीवरची पिशवी. भिंत काहीही सांगेल, दादा. लोंबणारं खोटं बोलत नाही."

ही गवंड्याची पोर! हे काही कॉलेजात शिकवत नाहीत. एकदा म्हणे तिच्याकडे एका घराचा फोटो आला. सगळ्यांना वाटलं, कॅमेऱ्यानं कललंय. हिनं ओसरीवर टांगलेली कुंडी पाहिली. कुंडीची साखळी आणि बाजूची भिंत जुळेनात. साखळी सरळ केली की भिंत वाकडी राहायची. हिनं फोटो तसाच परत पाठवला. साहेब स्वतः आत आला, अकरा वर्षांत दोनदाच आलाय, त्यातला हा एकदा. "सरळ का नाही केला?"

"घर खरंच कललंय, साहेब. मी सरळ केलं तर घेणारा फसेल."

"फोटोवरून तुम्हाला कसं कळलं?"

"कळतं."

माणूस पाठवला, भिंतीला ओळंबा लावला, तर अडीच इंच बाहेर! पुढे महिनाभर मी ही गोष्ट ज्याच्या त्याच्या घरी जाऊन सांगितली. काही जणांना दोनदा. तिला बढती मिळाली नाही, टेबलही तेच राहिलं. ती म्हणाली, "मिळाली असती तर हॉलमध्ये बसावं लागलं असतं."

आता बाबांचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

नोकरी लागली त्या वर्षी ती घरी आली तेव्हा दोन फोटो घेऊन आली होती. एकाच घराचे, एक आधीचा आणि एक नंतरचा. आई आदल्याच वर्षी गेली होती, त्यामुळे कौतुक करायचं ते बाबांनीच. बाबांनी दोन्ही फोटो हातात घेतले, मागेपुढे केले.

"भिंत वाकडी असली तर पाडायची," ते म्हणाले, "आणि परत बांधायची. ओढून सरळ करायची ती लबाडी."

तिनं फोटो पिशवीत ठेवले. त्यानंतर तिनं घरात कामाचा शब्द काढला नाही. वर्षातून दोनदा यायची, एक-दोन रात्री राहायची, पहाटेच्या गाडीनं जायची. आम्ही उठेपर्यंत अंथरुणाची घडी झालेली असायची. मी थोरला. तेव्हा बोलायला हवं होतं. मी चहा पीत होतो.

आमच्या घरात आम्हा चौघांचा एकत्र असा एकच फोटो आहे. बाबांनी हे घर स्वतःच्या हातानं बांधलं, त्याच्या वरच्या मजल्याची शेवटची भिंत झाली त्या दिवशीचा. शेजारच्या शाळेत फोटोवाला आला होता, त्याला बाबा हात धरून घेऊन आले. समोर हातभर रस्ता. त्यानं कॅमेरा वर उचलला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. फोटो हातात आला तर घर पाठीवर पडतंय असं दिसत होतं. बाबांना तो अपमान वाटला. "लोक म्हणतील, हा स्वतःचं घर असं बांधतो!" फोटो ट्रंकेत गेला तो गेलाच. चौतीस वर्षं.

त्यात खाली दारापाशी बाबा, शेजारी उन्हानं डोळे बारीक केलेली आई, आणि छाती पुढे काढून मी. बारकी खाली नाही. ती वर गच्चीच्या कोपऱ्यावर आहे, सात वर्षांची, हात बाहेर काढून. हातात ओळंब्याची दोरी. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं पितळी वजन, ते सोडलं की भिंत सरळ आहे का ते कळतं. वरून दोरी धरायला बाबा तिलाच चढवायचे, कारण माझा हात हलायचा. तिचा हलत नसे. फोटोवाला आला, गडबड झाली, सगळे खाली उभे राहिले आणि तिला दोरी सोड असं कुणी म्हणालंच नाही. फोटो झाला, चहा झाला, फोटोवाला गेला. मग आईनं वर पाहिलं. ती तशीच उभी, हात बाहेर, दोरी ताठ.

गेल्या वर्षी बाबांची नजर जायला लागली. डॉक्टर म्हणाले, आहे ती वर्षभर टिकली तर टिकली. एके दिवशी पाहतो तर बाबांनी ट्रंक उघडलेली, फोटो नाकाला लावलेला.

"तुझ्या आईचा चेहरा दिसतो अजून," ते म्हणाले. "पण ही भिंत... सरळ होती रे. तू होतास ना तिथे? सरळ होती ना?"

"होती की, बाबा."

"आता मला शेवटची दिसणार ती अशी पडतानाच."

त्याच दिवशी मी तिला फोन लावला.

"बारके, एका घराचं काम आहे."

"कुणाचं?"

"आपलं."

"विकताय?" तिचा आवाजच बदलला.

"विकायचं नाही गं, सरळ करायचंय! बाबांना दिसतंय तोवर."

"बाबांना विचारलंस?"

मी विचारलं. बाबा म्हणाले, "ओढून करणार?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "बघू." बाबांच्या 'बघू'चा अर्थ आमच्या घरात 'नाही'च्या जरासा अलीकडे असतो. मी तिला 'हो' म्हणून सांगितलं.

पोस्टावर माझा भरवसा नाही. फोटो दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून, पोटाशी धरून मी स्वतः गेलो. तेच ते चार दिवस. रविवारी दुपारी तिनं फोटो खोलीतल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर घेतला आणि मोठा करत नेला. घर गेलं, भिंत गेली, राहिली केसासारखी एक करडी रेघ.

"दादा, ही बघ. दोरी."

"दिसते?"

"दिसते. लोंबतेय." ती पडद्याच्या अगदी जवळ गेली. "हिच्यावरूनच लावते. हिच्याहून सरळ या फोटोत काय असणार?"

मग तिनं ओढायला घेतलं. एकदम नाही. जरा ओढायची, दोरी बघायची, परत जरा. आणि माझ्या डोळ्यांदेखत, पलंगावर बसल्या बसल्या, आमचं घर उठून उभं राहिलं. पूर्ण फोटोचा आकार बादलीसारखा झाला, वर रुंद, खाली अरुंद, आणि आधीपेक्षा उंच. पण घर सरळ, आणि गच्चीवर बारकी.

"आम्ही नेहमी केसभर कल ठेवतो," ती म्हणाली. "अगदी सरळ केलं की घर डोक्याला जड वाटतं, अंगावर आल्यासारखं."

"मग इथे?"

"इथे नाही ठेवणार. बाबा ओळंबा लावतील."

मी हसलो. ती हसली नाही.

घरी आलो तो अंगात वारं घेऊनच. म्हटलं, फोटो खिळ्याला टांगायचा? गवंड्याच्या घरात? मी समोरच्या भिंतीत, प्लास्टरमध्येच, फोटोची जागा कोरली. भिंतीत आत गेलेली, कडा पट्टीनं घोटलेल्या, वर पानाफुलांची नक्षी, तिच्याखाली वर्ष. पाच दिवस लागले. बायको म्हणाली, "आधी फोटो तरी येऊ द्या."

"तुला काय कळतं त्यातलं?" मी म्हटलं. ही चूक मीच करू जाणे, दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

मी तिला फोन करून माप दिलं. "दोन फूट रुंद, अडीच फूट उंच. एक सूतभरही फट राहता कामा नये हां!"

"माप कशावरून घेतलंस?"

"जुन्या फोटोवरून. मागच्या बाजूला लिहून ठेवलं होतं. त्याच हिशेबात मोठं केलं."

पलीकडून शिंप्याच्या मशीनचा आवाज तेवढा येत होता.

"काय झालं?"

"काही नाही, दादा. बसवते."

तिनं तेवढंच म्हणायला हवं होतं, की फोटो आता उंच झालाय, नक्षी मोड. एका वाक्याचं काम. पण ती कुणाला कधी काही मोडायला सांगत नाही. हे मला आज कळतं.

शनिवारी संध्याकाळी ती आली, हातात पुठ्ठ्याची नळी. रविवारी सकाळी आम्ही फोटो फळीवर ताणून जागेत बसवला. असा बसला म्हणता, मध्ये नख जाईना! दुपारपर्यंत मी अर्धी आळी बोलावून आणली. "ही माझी बहीण. हे तिनं केलं. आणि ही जागा मी." लोक वा वा करत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्या बायकोला भांडी पुसू लागत होती. इतकी माणसं आली आणि गेली, मीही शंभरदा पाहिलं, कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

बाबा सकाळपासून फिरकले नव्हते. ऊन दारातून थेट भिंतीवर येईपर्यंत थांबले. मग उठले, कोपऱ्यातली हत्यारांची पिशवी चाचपली आणि ओळंबा काढला. तोच, पितळी.

"बाबा, फोटोला कसला ओळंबा लावता?" मी म्हटलं.

"तू गप."

ते फोटोच्या पुढे उभे राहिले, दोरी वर धरली. पण ऐंशीच्या पुढचा हात. ओळंबा फिरायला लागला, थांबेचना. दोनदा प्रयत्न केला. तेव्हा बारकी आली, हात पुसत. स्टूल ओढलं, वर चढली आणि त्यांच्या हातातून दोरी घेतली. ओळंबा दोन हेलकावे खाऊन थांबला. एकदम थांबला.

बाबांनी नाक फोटोला लावलं. दोरीपासून भिंतीच्या कडेपर्यंत बोट लावत, वरून खाली, इंचाइंचानं आले. गुडघ्यावर बसले. अगदी खालपर्यंत पाहिलं.

"ओळंब्यात आहे," ते म्हणाले.

मी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा हलला नाही, पण कान लाल झाले होते. अकरा वर्षांचं होतं ते.

"लबाडी नाही," बाबा म्हणाले. "मी बांधली तशीच आहे." मग ते उठले आणि परत वर गेले, बोट त्या केसासारख्या करड्या रेघेवर. रेघ वर गेली, वर गेली, आणि फोटोच्या कडेला संपली. बोट माझ्या नक्षीला लागलं.

"ही दोरी कुणी धरलीये?"

मीही तेव्हाच पाहिलं. गच्चीच नव्हती. घर कठड्याच्या खालीच कापलेलं, आणि दोरी नुसती वरून आलेली.

"बाबा, बारकी धरायची ना..." मी म्हटलं.

"ते मला माहीत आहे. कुठाय ती?"

"वर जागा नव्हती, बाबा," स्टुलावरून ती म्हणाली. हातात दोरी तशीच. "खालून कापलं असतं तर तुमचे पाय गेले असते. आईचे पण."

बाबांनी तिच्याकडे मान वर केली. त्यांना ती किती दिसली कोण जाणे. ते खाटेवर जाऊन पडले, भिंतीकडे तोंड करून. ती बराच वेळ स्टुलावर होती. मग मीच म्हणालो, "सोड गं दोरी." चौतीस वर्षं उशीर झाला होता, पण म्हणालो.

संध्याकाळी मी नक्षी पाहत बसलो. ती म्हणाली, "छान झालीय, दादा. पानं अगदी खरी वाटतात." ती कधी खोटं बोलत नाही. पानं खरंच चांगली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती ठकठक ऐकून. तिच्या अंथरुणाची घडी झालेली, ती पहाटेच्या गाडीनं गेलेली. बाहेर येऊन पाहतो तर फोटो काढून खाटेवर ठेवलेला, आणि बाबा स्टुलावर. एका हातात छिन्नी, एका हातात हातोडा. अर्धी नक्षी जमिनीवर.

"बाबा! पाच दिवसांचं काम आहे माझं!"

"चांगलं काम आहे," ते म्हणाले. "निघायला जड जातंय." छिन्नी बोटानं चाचपून लावत होते, ठोकत होते. "तिला विचार, किती लागेल."

मी फोन लावला. तिनं उचलला. मागे गाडीची घरघर.

"काय झालं, दादा? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. वर किती इंच लागेल विचारतायत."

नुसती घरघर.

"कसला आवाज येतोय?" ती म्हणाली.

"छिन्नी."

मला वाटलं फोन कटला. मग अगदी बारीक आवाजात, "आठ. आठ इंच लागतील."

"आठ," मी वर सांगितलं.

"तिच्या डोक्यावर थोडी मोकळी जागा नको का?" बाबा म्हणाले. "विचार."

मी विचारलं. "मग नऊ," ती म्हणाली.

"नऊ," मी म्हटलं.

बाबांनी पेन्सिल मागितली, ओळंबा मागितला. मी फोन तसाच खाटेवर ठेवला, आमच्या घराच्या फोटोशेजारी, आणि दुसरं स्टूल आणून वर चढलो. दोरी धरली. ओळंबा फिरायला लागला.

"हलू नकोस," बाबा म्हणाले.